वर्षाची होईपर्यंत

दुकानात कुणी भांडं मागितलं, की भाऊ ते आधी उचलून त्याच्या बुडावर बोटाचं पेर वाजवायचे आणि भांडं कानाशी नेऊन ऐकत राहायचे. आवाज पटला तर म्हणायचे, "हे बोलते. न्या." पटला नाही, तर ते भांडं मुकाट्याने फळीवर परत जायचं आणि दुसरं हातात यायचं. घाईतली गिऱ्हाइकं वैतागायची. एकदा एका बाईंनी त्यांना ऐकवलं होतं, की मला यात वरण शिजवायचं आहे, याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. ते हसले नाहीत. तिच्यासाठी त्यांनी वरणाचे आणखी तीन गंज वाजवून पाहिले आणि चौथा दिला.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. दुकान चालवतात, पण दुकानदारी त्यांच्या अंगाला चिकटत नाही.

सिंदीला माझी मास्तरकीची पहिली नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारचं घर आम्ही भाड्याने घेतलं होतं. पुढे त्यांचं भांड्यांचं दुकान, मागे राहतं घर, आणि दोन्हींच्या मधे आमच्या अंगणाला लागून असलेलं त्यांचं अंगण. माझे यजमान वर्ध्याला नोकरीला होते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. शाळेतून घरी आलं की माझ्या कानावर रेल्वे आणि शेजारची भांडी, एवढे दोनच आवाज.

तेव्हा त्यांना सगळे भाऊ म्हणत. चाळिशीला आलेले, लग्न न झालेले. आईवडील लवकर गेले होते आणि मागे राहिलेली लहान बहीण त्यांनीच वाढवली होती. तिचं नाव सुशीला, पण गावात ती सुशीच. तिच्या लग्नाआधी स्वतःचं लग्न करायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि तिचं झालं, तेव्हा त्यांचं वय निघून गेलं होतं. याचं दुःख त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आत्या मात्र ऐकवायच्या. आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण, विधवा, त्याच घरात राहणारी. स्वयंपाक आणि तक्रारी, दोन्ही त्यांच्याकडे.

भादव्याच्या पौर्णिमेपासून गल्लीतल्या पोरी भुलाबाई मांडायच्या. तुम्ही आमच्याकडचे असाल तर सांगायला नको. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, रोज संध्याकाळी टाळ्या वाजवत गाणी, आणि शेवटी खिरापत. खिरापत डब्यात झाकून ठेवायची आणि पोरींनी डबा हलवून, आवाजावरून ओळखायची. म्हणून आयांची धाव भाऊंच्या दुकानाकडे. ज्यातून आवाजच फुटणार नाही असा डबा द्या म्हणायच्या. बोलक्या भांड्यांचा हा माणूस त्या महिन्यात मुक्या डब्यांच्या शोधात असायचा. सुशी लहान असताना भुलाबाई त्यांच्याच अंगणात बसायची. तिचं लग्न झाल्यावरही पोरींनी ते अंगण सोडलं नाही.

सुशीला समुद्रपूरला दिली होती. सासरी शेती आणि बीबियाण्याचं दुकान. पहिल्या बाळंतपणासाठी ती श्रावणात माहेरी आली. पोट सांभाळत अंगणात बसायची आणि पोरींना जुनी गाणी शिकवायची. नवरात्रातल्या अष्टमीला पहाटे तिला मुलगी झाली. भाऊंनी दवाखान्यातून येऊन आत्यांना सांगितलं, मला सांगितलं, रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्यालाही थांबवून सांगितलं. मग ते पुन्हा दवाखान्यात गेले. संध्याकाळी परत आले, तेव्हा त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेली मुलगी होती आणि मागून बैलगाडीत सुशी होती. तिचं रक्त थांबलंच नव्हतं.

त्या वर्षी भुलाबाई कोजागिरीपर्यंत राहिली नाही. सुशी गेल्यावर पोरींनी तिसऱ्याच दिवशी ती उचलून मंदिरात नेऊन ठेवली.

दिवस झाल्यावर समुद्रपूरची मंडळी बसली. सुशीच्या सासूला अर्धांगवायू झालेला, अंथरुणातच असायच्या. घरात दुसरी बाई नाही. सासरे भले होते. खाली मान घालून म्हणाले, की पोरगी आमची आहे, पण आज नेली तर जगायची नाही. "वर्षाची होऊ द्या. मंग नेऊ." भाऊंनी मान हलवली. सुशीचा नवरा, जावई, भिंतीला टेकून बसला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा.

मुलीला वरचं दूध पचेना. माझा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. आत्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला त्यांना पुढे बोलू द्यावंसं वाटलं नाही. मी मुलीला मांडीवर घेतलं. भाऊ तिला आणून आत्यांच्या हाती द्यायचे आणि स्वतः रस्त्यावर जाऊन आमच्या घराकडे पाठ करून उभे राहायचे. पाऊस असो, ऊन असो, तिचं पिऊन होईपर्यंत तिथेच. याबद्दल ते माझ्याशी एक अक्षर कधी बोलले नाहीत. फक्त नळाला पाणी आलं की आमचा रांजण आधी भरलेला असायचा.

बारसं कुणी केलं नाही. आत्यांनी बाराव्या दिवशी तिच्या कानात पल्लवी म्हटलं, तेवढंच.

ज्या माणसाने उभ्या जन्मात पाळणा हलवला नव्हता, त्याने दुकानातच झोळी बांधली. पितळी कळशा टांगायच्या आकड्याला सुशीचं जुनं लुगडं बांधलं. एका हाताने झोळीची दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने भांडं वाजवायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, पोर या खडखडाटात झोपेल कशी. पण ती झोपायची ती त्या खडखडाटातच. बाजार बंद असायचा त्या दिवशी दुकान शांत, आणि ही रडून घर डोक्यावर घ्यायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा भाऊ घाबरून माझ्याकडे आले. "बाई, पोट्टी काऊन रडून राह्यली? ताप नाई, पोट दुखत नाई." मग त्यांचं त्यांनाच सुचलं असावं. घरात गेले आणि परातीवर झारा वाजवू लागले. मुलगी गप्प झाली, झोपली. तेव्हापासून दर बंदीच्या दिवशी दुपारभर त्यांच्या घरातून परातीचा आवाज यायचा. गल्लीतले लोक आधी हसले, मग त्यांनाही सवय झाली.

दुकानातलं सगळ्यात महागाचं पितळी घंगाळ तिच्या आंघोळीला निघालं. आत्या म्हणाल्या, आता हे कोण विकत घेईल. त्यावर त्यांनी आत्यांनाच विचारलं, की विकायचं कुणाला आहे.

पल्लवी बसायला लागली, रांगायला लागली. दुकानातल्या खालच्या फळीवरची भांडी वरच्या फळीवर गेली. लोक बोलता बोलता त्यांना मामा म्हणू लागले. आधी गल्लीतली मुलं, मग बाया, मग म्हातारेसुद्धा. तिने अजून कुणाला हाक मारलेली नव्हती, पण तिच्या नात्याने अख्ख्या गावाने हाक मारायला सुरुवात केली. त्यांना ते आवडायचं. भाऊ म्हटलं तर पूर्वी ते मानेनेच ओ द्यायचे. मामा म्हटलं की तोंडाने द्यायचे.

जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर. न्हावी दुकानातच आला. मुलगी रडली ती जरा वेळ, पण मामांच्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना. वस्तऱ्याची भीती वाटते म्हणाले. आत्या दाराआडून म्हणाल्या, की वस्तरा तिच्या डोक्यावर आहे, तुझ्या नाही.

वैशाखात समुद्रपूरहून निरोप आला, की जावयाचं दुसरं लग्न ठरलं आहे. मुलगी लांबच्या खेड्यातली, मंगला नावाची, गरिबाघरची. वडील नाहीत, सख्खा भाऊ नाही. मामा लग्नाला गेले. आहेर म्हणून भांड्यांचा पूर्ण संच घेऊन गेले आणि एकेक भांडं नेण्याआधी वाजवून पाहिलं, हे मी स्वतः पाहिलं आहे. गल्लीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, पोरगी आता देऊ नका, सावत्र आईच्या हातात कुणी पोर देतं का. काही म्हणाले, वकिलाला विचारा. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बापाची पोट्टी आहे." एवढंच. पण त्या पावसाळ्यात ते झटकन वाळले. शर्ट अंगावर लोंबायला लागला.

आश्विन आला. झेंडूचे ढीग, वाड्यांतून येणारी सीताफळं, नुकतंच कापलेलं सोयाबीन, आणि दुपारचं ते चटका देणारं ऊन. मुलीचा पहिला वाढदिवस आणि तिच्या आईचं वर्षश्राद्ध एकाच तिथीला. आत्यांनी सांगून टाकलं, की या वर्षी वाढदिवस नाही, ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी गोड कसं करायचं. अष्टमीला सकाळी भटजी आले, पिंड झाले, कावळा लवकर शिवला. आत्यांना त्याचं समाधान वाटलं. मामा म्हणाले, तिचा जीव अडकला नव्हता म्हणजे तिला आपला भरवसा होता. असं म्हणून ते पायरीवर बसले. मुलगी त्यांचा गुडघा धरून उभी राहत होती आणि धपकन बसत होती. तिला कुणी औक्षण केलं नाही.

त्याच दिवशी समुद्रपूरचा निरोपही आला. वर्ष झालं, दसऱ्यानंतर येतो.

दसऱ्याच्या सकाळी दुकान उघडलं नाही. दसऱ्याला भांड्यांचं दुकान बंद, असं सिंदीत कुणी पाहिलं नव्हतं. आत्या घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. मामा आणि पल्लवी, दोघंही घरात नव्हते. झोळीचं लुगडं नव्हतं, तिची दुधाची बाटली नव्हती. गल्लीने अर्थ काढायचा तो काढला. पोरीला घेऊन पळाला. काहींना बरं वाटलं, ते त्यांनी लपवलंही नाही. आत्या दिवसभर पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

लोक सोनं वाटायला बाहेर पडायच्या वेळेस ते रस्त्याने येताना दिसले. खांद्यावर मुलगी झोपलेली, हातात सीताफळांची पिशवी. थेट घरात गेले. जरा वेळाने मी आपट्याची पानं घेऊन गेले, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. सेलूला गाडी बदलून ते हिंगणीला गेले होते. तिथे धरणाकडच्या बाजूला त्यांच्या एका लांबच्या नातेवाइकाची भाजीची वाडी आहे. "मनात आलतं, बाई. काई दिवस तिथी ठिऊ हिले. मंग पाहू काय होते ते."

वाडीत एक बाई वांगी तोडत होती. तिने पोरीला पाहिलं, कडेवर घेतलं, आणि विचारलं, हिची माय कुठे आहे.

"मले सांगताच नाई आलं," मामा म्हणाले. "गेली म्हणू का, समुद्रपूरले आहे म्हणू? जलमभर हाच सवाल पुसतीन लोकं हिले. मामा आहे म्हणून सांगितलं त पुरन का, बाई?"

त्यांनी माझ्या हातातली पानं घेतली, मला नमस्कार केला आणि समुद्रपूरला निरोप धाडला, की कोजागिरीला या, रात्र राहा, सकाळी पोरीला घेऊन जा. सोबत सूनबाईंनाही आणा, असं मुद्दाम सांगितलं.

आमच्याकडे कोजागिरीला घरातल्या मोठ्या लेकराला ओवाळतात. पहिलं जन्मलेलं, म्हणून त्याचा मान. न्हाऊ घालतात, नवं घालतात, पाटावर बसवून आई ओवाळते. पल्लवी सुशीचं पहिलं लेकरू, आणि शेवटचंही. मामांनी ठरवलं, की हा मान आणि तिचा वाढदिवस एकाच संध्याकाळी करायचा. आत्यांनी पाट पुसून ठेवला.

पोरींनी न सांगता त्या वर्षी भुलाबाई पुन्हा त्यांच्या अंगणात आणली होती. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव झाला. दुकानातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात दूध चढलं. माझे यजमान वर्ध्याहून केक घेऊन आले, त्यावर एक मेणबत्ती. आत्यांना कळलं की ती फुंकून विझवायची असते, तेव्हा त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मामांनी तोड काढली. मेणबत्ती लावा, विझवू नका, जळू द्या. ती जळत जळत केकवर वितळली आणि केकचा मधला भाग कुणालाच खाता आला नाही.

जावई आणि मंगला दिवस मावळायच्या आत आले. बावीस-तेवीस वर्षांची सावळी मुलगी, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. गल्लीतल्या बायांनी तिला नापसंत करायचं आधीच ठरवलं होतं. कुणी तिला बस म्हटलं नाही, कुणी पाणी विचारलं नाही. ती रांजणाजवळ उभी राहिली आणि तिथेच राहिली. शेवटी मामांनीच तिच्यासाठी चटई टाकली.

चंद्र वर आला. पाटाभोवती रांगोळी काढली. मामा पाटावर बसले आणि नवं परकर-पोलकं घातलेल्या पल्लवीला मांडीवर घेतलं. आत्या विधवा, त्यांच्या मते त्यांनी ओवाळायचं नव्हतं. त्या ताट घेऊन माझ्याकडे आल्या. मी तिला पाजलं होतं, तेव्हा मीच ओवाळणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीसुद्धा. मी हात पुढे केला होता.

"थांब आत्या," मामा म्हणाले. "मंगले, तू ये."

ती हलली नाही. सगळ्या बाया तिच्याकडे वळून पाहत होत्या. ती इतक्या हळू बोलली, की मला जेमतेम ऐकू आलं. "माह्या हातानं नाई, दादा. लोकं काय म्हणतीन."

"लोकाईचं राहू दे," ते म्हणाले. "उद्यापासून हे पोट्टी तुले माय म्हणन. आज सगळ्याईसमोर हो तिची माय."

मीच ताट तिच्या हातात दिलं. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. पल्लवी ज्योतीकडे टक लावून पाहत होती. मग तिने मंगलाच्या हिरव्या बांगड्या मुठीत धरल्या. मामांनी मुलीला उचललं आणि तिच्या हातात दिलं.

अनोळखी अंगाचा वास लागताच मुलीने टाहो फोडला. दोन्ही हात मामांकडे पसरले, सगळं अंग त्यांच्याकडे झोकून दिलं. ते समोरच, हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. पोर रडून काळीनिळी व्हायला लागली. आत्या म्हणाल्या, घे रे बाबा एकदा. त्यांनी घेतलं नाही. ते पाठ फिरवून दुकानात गेले.

मग अंधाऱ्या दुकानातून परातीवर झारा वाजायला लागला. रोजच्यासारखा, एका लयीत. मुलगी हळूहळू मुसमुसायला लागली. मंगलाने पदराने तिचं तोंड पुसलं आणि ती अंगणात फेऱ्या घालू लागली. मुलीची मान तिच्या खांद्यावर पडली. ती झोपली, तरी आवाज चालूच होता. शेवटी जावई आत गेला, तेव्हा तो थांबला.

सकाळी एसटीवर आम्ही सगळे गेलो. मामा मंगलाला सारखं काही ना काही सांगत होते. गरम दूध लागत नाही, कोमट लागतं. डाव्या कुशीवर झोपते. घर शांत झालं की रडते, तेव्हा हे वाजवजो. आणि परात, झारा घातलेली पिशवी त्यांनी तिच्या पायाशी ठेवली. मंगला प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. बस सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून पल्लवीच्या तळव्याला बोट लावलं. "येजो बाई," म्हणाले. तिने बोट पकडलं होतं. बस हलली तसं सुटलं.

समुद्रपूर काही लांब नाही. सकाळी निघून दुपारी परत येता येतं. पण मामा वर्षभर गेले नाहीत. मी एकदा न राहवून विचारलं. ते म्हणाले, "मी गेलो त तिचा जीव दोनीकडे ओढल्या जाईन. आधी तिले माय होऊ द्या." समुद्रपूरकडचं गिऱ्हाईक आलं की मात्र त्याला चहा मिळायचा आणि इकडच्या तिकडच्या गोष्टींत बीबियाण्याच्या दुकानाची चौकशी व्हायची. पोरगी चालते का. बोलते का. एकदा एकाने सांगितलं, की नव्या बाईला दिवस गेलेत. त्या दिवशी मामांनी भांडी न वाजवताच दिली. त्यांना कशाची धास्ती होती, ते सगळ्या गल्लीला कळत होतं.

पुढल्या वर्षी भाऊबिजेला दुपारच्या एसटीतून मंगला उतरली. एकटी, पोट पुढे आलेलं, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताला पल्लवी. कुणाला कळवलं नव्हतं. दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, हे मामा, पाया पड. पल्लवी तिच्या साडीच्या निऱ्यांमागे लपली. मामा दुकानातून खाली उतरले, उकिडवे बसले, तिला हाक मारली. तिने तोंड बाहेर काढून पाहिलं आणि "आई, चाल," म्हणून भोकाड पसरलं.

मंगला ओशाळली. रोज तुमचं नाव सांगते, म्हणाली. मामांनी तिला समजावलं, की लेकरं अशीच असतात. मग आत पाट मांडला गेला आणि मंगलाने त्यांना ओवाळलं. मला सख्खा भाऊ नाही, दरवर्षी येईन, चालेल का, असं तिने विचारलं. ते हो म्हणाले की नाही, मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी त्या दोघींना बसवून देऊन आल्यावर ते आमच्या अंगणात उभे राहिले.

"ओळखलंच नाई तिनं मले," म्हणाले. "मायच्या मागं लपली. चांगलं झालं, बाई. लय चांगलं झालं."

असं म्हणून ते परत गेले आणि त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. सणाचा दिवस, बाजारात गर्दी होती. दार दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही.

त्यानंतर मंगला दर भाऊबिजेला येत राहिली. तिला मुलगा झाला, तरी कोजागिरीचा मान त्या घरात पल्लवीचाच राहिला. तिच्या सासरी ही रीत आधी नव्हती, ती तिने नेली. पल्लवी मोठी होत गेली, मामांशी बोलायला लागली, पण पाहुणीसारखी, पायरीवर बसून. सुशीचा फोटो दाखवून ही तुझी पहिली आई, असं मंगलानेच तिला सांगितलं. मामांनी ते कधी सांगितलं नसतं. आत्या गेल्या. माझी बदली वर्ध्याला झाली. अधूनमधून सिंदीला गेले की दुकानात डोकवायची. प्लास्टिकचे डबे आले होते, गिऱ्हाईक कमी झालं होतं. मामा खोकत बसलेले असायचे. मला पाहिलं की पल्लवी कितवीत आहे ते सांगायचे आणि पुढे विषय संपायचा.

पल्लवीने दहावीची परीक्षा दिली, त्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मी पोहोचले, तेव्हा मंगला आधीच आलेली होती. तिचा आक्रोश रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. अग्नी चुलतभावाच्या मुलाने दिला. बाहेरगावहून आलेल्या एका नातेवाईक बाईने तिला विचारलं, की तू कोण लागतेस. तिने सुशीची गोष्ट सांगितली नाही, पल्लवीची सांगितली नाही. "माहा भाऊ होता," म्हणाली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी चुलतभावांनी घर आणि दुकान विकायचं ठरवलं. मंगला त्या बोलण्यात गेली नाही. तिने स्वयंपाकघर धुतलं, अंगण झाडलं, देवापाशी दिवा लावला, तो विझेपर्यंत वाट पाहिली आणि दाराला कुलूप घालून किल्ली त्यांच्या हवाली केली. जावई आणि पल्लवी पिशव्या घेऊन रस्त्यावर उभे होते. एसटी वळणावर दिसत होती. मंगला चार पावलं गेली आणि परत फिरली. बंद दारासमोरच्या ओट्यावर, उन्हातच, बसली.

जावयाने हाक मारली. तिने मान वर केली नाही. त्याने पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा पल्लवीने त्याच्या हातावर हात ठेवला. ती आली आणि आईला लागून ओट्यावर बसली. एसटी थांबली, कंडक्टरने वाट पाहिली, घंटी वाजवली. एसटी निघून गेली, तरी त्या उठल्या नाहीत.